आधी पिन, मग तार

मेहुण्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये तो पहिल्या दिवसापासून मेहुणा. त्याला तिथे चिकटवलं ते त्याच्या ताईच्या नवऱ्याने. टायर विभागाच्या दारात उभं राहून याने बावळटासारखी हाक मारली, "भावोजी!", आणि आतल्या अठरा माणसांनी ती उचलली. दुपारच्या सुट्टीपर्यंत सगळे त्या माणसाला भावोजी म्हणायला लागले, आणि हा सगळ्यांचा मेहुणा झाला.

ताईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मला एका दिवसात अठरा भाऊ झाले? होता तो एक सांभाळताना नाकी नऊ आले होते."

त्याआधी तो एका छापखान्यात कागद कापायचा. छापखाना बंद पडला आणि हा घरी बसला. तेवीस वर्षांचा घोडा, अंगात रग, डोक्यात काही नाही. पहिल्याच दिवशी आपली ताकद दाखवावी म्हणून त्याने बसचा टायर दोन्ही हातांनी उचलायला घेतला. भावोजी कमरेवर हात ठेवून बघत राहिले. किडकिडीत माणूस, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

"उचल, उचल. आणि उद्या तुझ्या ताईला सांग, दोन वेळचं ताट अंथरुणावर आणून दे म्हणावं. ती आनंदाने आणेल. मी नाही आणू देणार."

अठरा जण हसले. मेहुण्याने टायर सोडला.

"टायर उचलायचा नसतो, चालवायचा असतो," भावोजी म्हणाले. "हट्टी पोर असतं ना, तसा. कडेवर घेतलंस की कंबर गेली. बोट लाव, चालव. आणि तोल जाऊन पडायला लागला तर हिरोसारखा धरायला जाऊ नकोस, बाजूला हो. तो पडण्यासाठीच जन्माला आलाय, त्याला काही होत नाही. जे व्हायचं ते तुला होईल."

असं ते बोलायचे. सरळ शिकवण त्यांच्या तोंडून क्वचितच निघाली, पण त्यांच्या हाताखाली सव्वीस वर्षांत कोणाची पाठ मोडली नाही, कोणाचं बोट गेलं नाही. शेजारच्या इंजिन विभागाला असं म्हणता येत नव्हतं.

आता बसच्या चाकाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बसच्या मागच्या बाजूला प्रत्येक अंगाला दोन चाकं असतात, एकमेकांना चिकटून. बाहेरचं दिसतं, आतलं दडलेलं. दोन्हींत हवा ठासून भरलेली. आतल्या चाकाच्या लोखंडी रिमला चीर गेली असेल तर ती बाहेरून दिसत नाही. नट घट्ट आहेत तोवर ती चीर गप्प बसते. नट ढिले झाले की आतल्या हवेला मोकळं रान मिळतं, आणि मग समोर माणूस आहे की भिंत, हे ती बघत नाही. म्हणून नटाला पाना लावण्याआधी दोन्ही टायरांतली हवा पूर्ण सोडायची. हे नियमांच्या पुस्तकातही छापलेलं आहे. पण पुस्तक असतं कपाटात.

भावोजींचा नियम कपाटात नव्हता. एका चाकाला दोन माणसं. एकाने हवा सोडायची, दुसऱ्याने नट ढिले करायचे. टायरच्या वॉल्व्हमध्ये नखाएवढी पितळी पिन असते. ती काढली की हवा सुटते. सोडणाऱ्याने ती पिन काढून पाना धरणाऱ्याच्या तळहातावर ठेवायची. दोन टायर, दोन पिना. भावोजी त्या मोजायचे, शर्टाच्या खिशात टाकायचे, खिशाचं बटण लावायचे आणि मगच पान्याला हात घालायचे. एकदा एक वरिष्ठ साहेब घड्याळ दाखवत आले, गाडी खोळंबलीय, प्रवासी ओरडतायत. भावोजींनी पाना त्यांच्यापुढे धरला. "घ्या साहेब. तुम्हाला घाई आहे, मला नाही." साहेबांना एकदम दुसरं काम आठवलं.

"भावोजी, घरी ताईकडे पण पिना मागता का?" कोणीतरी विचारायचं.

"तिच्याकडे? तिची हवा सोडायची कोणाची टाप आहे?"

पिनेच्या मागोमाग तार. वॉल्व्हच्या नळीत चिखल बसतो. पिन काढली की थोडी हवा सूं करून निघते, तिच्याबरोबर आतला मातीचा खडा येऊन नळीत अडकतो आणि आवाज बंद पडतो. माणसाला वाटतं, संपली हवा. टायर असतो तसाच टणक. म्हणून पिन काढल्यावर नळीतून सायकलच्या चाकाची एक बारीक तार आरपार फिरवायची. प्रत्येकाच्या खिशाला ती अडकवलेली असे, पेनासारखी.

पण या नियमात एक भोक होतं, आणि ते भावोजींना माहीत होतं. पिन हातात देता येते. तार फिरवली, हे हातात देता येत नाही. तिथे शब्दावर काम. म्हणून ते दर वेळी विचारायचे, "तार?" आणि समोरच्याने म्हणायचं, "फिरवली." सव्वीस वर्षं, दिवसातून आठ-दहा वेळा. इतक्या वेळा बोललेला शब्द तोंडाला आपोआप येतो.

त्या सकाळी साडेदहाला आलेली बस खोदकाम चाललेल्या रस्त्यावरून आली होती. चाकांवर चिखल वाळून खपल्या धरलेल्या. बस जॅकवर चढवून खाली लोखंडी घोड्या लावल्या, चाक जमिनीपासून सुटलं. मेहुणा हवा सोडणार, भावोजी नट. दोघं सव्वीस वर्षं जोडीने काम करत होते. बाकीचे म्हणायचे, यांचं ताईपेक्षा एकमेकांशीच लग्न झालंय.

मेहुण्याचा उजवा खांदा दोन महिने धरला होता. हात वर होत नव्हता, शर्ट घालताना बायकोची मदत लागायची. भावोजींना त्याने हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी त्याला त्याच पावली डॉक्टरकडे धाडलं असतं आणि जोडीला दुसरा माणूस घेतला असता. ते त्याला नको होतं. पन्नाशीजवळचा बाप्या, पण जोडीतून काढतील म्हणून शाळकरी पोरासारखं दुखणं लपवत होता.

बाहेरच्या टायरची पिन काढली, तार फिरवली, हवा गेली. आतल्या टायरसाठी बसखाली कुशीवर सरकून हात खांद्यापर्यंत आत घालावा लागतो. पिन निघाली. सूं आवाज आला. चालला, चालला, थांबला. आता तार. ती डाव्या हाताने खिशातून काढून उजव्या हातात द्यायची आणि दुखरा खांदा आणखी वीतभर पुढे रेटायचा. त्याने एकदा रेटून पाहिलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. आवाज तर थांबलाच होता.

तो सरकत बाहेर आला आणि दोन पिना भावोजींच्या हातावर ठेवल्या.

"एक, दोन. तार?"

"फिरवली."

बटण लागलं. मेहुणा उतरलेलं चाक ठेवायची ट्रॉली आणायला गेला. पंधरा-वीस पावलं गेला असेल. पुढचा आवाज त्याला आला नाही. कान आधीच बंद झाले. मागे वळला तेव्हा विभागाच्या दुसऱ्या टोकाला पाना पडलेला होता आणि भावोजी होते तिथे नव्हते. रुग्णवाहिका वाटेत असतानाच ते गेले.

मेहुण्याला कानासाठी तीन दिवस दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सुरक्षा अधिकारी आला. चांगला माणूस, फळं घेऊन आला. खाटेशेजारी बसून मोठ्याने विचारलं, "हवा कोणी सोडली होती? सोडली होती का?"

"मला काही आठवत नाही," मेहुणा म्हणाला.

त्याला सगळं आठवत होतं. बोटांना लागलेला पितळेचा वाससुद्धा. धक्का बसला होता, कान गुणगुणत होते, हे सगळं खरं आहे. पण आठवत नव्हतं हे खोटं.

अधिकाऱ्याकडे मग होतं काय? तडकलेली रिम, स्फोटात तुटून उडालेले दोन्ही वॉल्व्ह, ढिले झालेले चार नट आणि पाना धरणारा मेलेला माणूस. त्याने लिहिलं, हवा न सोडता नट ढिले केले. आठवड्याभरात टायर विभागात लाल अक्षरांचा बोर्ड लागला: "टायरमधील हवा सोडल्याशिवाय नटास हात लावू नये. या नियमाकडे दुर्लक्ष केल्याने आपल्या विभागातील एका ज्येष्ठ कामगारास जीव गमवावा लागला." खाली तारीख.

मेहुणा रुजू झाला तेव्हा त्याने तो वाचला. इतरांनीही वाचला होता. भावोजी आणि दुर्लक्ष, हे शब्द एका ओळीत बसत नाहीत हे त्यातला प्रत्येक जण जाणून होता. कोणी काही बोललं नाही. जाऊ द्या, माणूस गेला, आता बोर्डावर काय लिहिलंय याने काय होतं, असं म्हणत लोक गप्प बसतात आणि त्यालाच समजूतदारपणा म्हणतात.

मेहुणा मात्र रोज ताईकडे जायला लागला. कामावरून सुटला की तिच्या घरी. नळाचा वायसर बदल, पंख्याला तेल घाल, भाजी आण. तिच्या लग्न झालेल्या मुलीलाही ते खटकायला लागलं. ताई वैतागली.

"रोज काय येतोस रे? तुझ्या बायकोला वाटेल नणंदेने नवरा पळवला. नळ चांगला चालला होता, तू हात लावल्यापासून गळतोय."

तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा.

दोन महिन्यांनी ताई भावोजींचे गणवेश आणि कपाटाची किल्ली परत करायला वर्कशॉपमध्ये गेली. मेहुण्याची त्या दिवशी रजा होती. तिने बोर्ड वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग तडक सुरक्षा अधिकाऱ्याच्या खोलीत गेली आणि पर्समधून एक कागदाची पुडी काढून त्याच्या टेबलावर उलटी केली. दोन पितळी पिना.

"या त्यांच्या खिशात होत्या. दवाखान्याने चष्म्याबरोबर दिल्या. खिशाचं बटण लावलेलं होतं."

अधिकारी नरमाईने म्हणाला, "बाई, टायरवाल्याच्या खिशात पिना नाही सापडणार तर काय सापडणार? कधीच्याही असतील."

ताईने पिना परत पुडीत बांधल्या. त्याच दिवशी मेहुणा तिच्या घरी आला तेव्हा ती स्वयंपाकघरात चहा ठेवत होती. दुपारचे तीन. त्याने भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली.

"ती राहू दे. बस." पुडी तिने त्याच्यासमोर सोडली. "मला टायर बदलता येत नाही. पण पिन, तार, पाना हे सव्वीस वर्षं ताटावर बसून ऐकलंय, झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन. या दोन त्या दिवशीच्याच. तूच दिल्यास ना?"

"हो."

"मग हवा राहिली कशी?"

मेहुण्याने एक पिन उचलून पुन्हा पुडीवर ठेवली.

"आठवत नाही असं मला नको सांगूस. मी फळं घेऊन आलेली नाही."

"आतल्याला तार फिरवली नाही, ताई."

"का?"

"खांदा दुखत होता. हात पुढे जाईना. आवाज थांबला, मला वाटलं रिकामा झाला."

"खांदा," ताई म्हणाली. पाणी उकळून वर येत होतं, तिने आच कमी केली. मग पाठमोरीच म्हणाली, "माणूस आहे. एखादे दिवशी राहतं. आणि त्यांनीही त्या दिवशी विचारलं नसेल. नाही विचारलं ना?"

हा प्रश्न तिने असा विचारला की उत्तर त्यातच होतं. नाही म्हणायचं, बस. एक तार विसरला, एक विचारायला विसरला. चूक दोघांत वाटली गेली असती. ताईला सोसेल इतकी झाली असती. तो उद्याही भाजी घेऊन आला असता, आणि दोघं मिळून त्या माणसासाठी रडली असती. तिला ते हवं होतं. तिच्या पाठीवरून दिसत होतं. फक्त बोर्ड निम्मा खरा झाला असता. ज्या माणसाने आयुष्यात एकदाही विचारायचं सोडलं नाही, तो शेवटच्या दिवशी विचारायला विसरलेला माणूस म्हणून राहिला असता, वर्कशॉपमध्ये आणि या घरातही.

"विचारलं," मेहुणा म्हणाला. "'तार?' म्हणाले. मी म्हणालो, फिरवली."

ताई वळली.

"म्हणजे ते चुकले नाहीत."

"नाही ताई. ते कुठेच चुकले नाहीत."

तिचा चेहरा दोन महिन्यांत पहिल्यांदा उजळला. तिचा नवरा तिला जसाच्या तसा परत मिळाला होता. हे फार तर श्वासभर टिकलं. मग समोर बसलेला भाऊ तिला दिसला.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने गॅस बंद केला, चहा तसाच झाकून ठेवला, पर्स घेतली.

"चल."

"कुठे?"

"साहेबाकडे. मला सांगून काय उपयोग? बोर्ड मी नाही लावला."

अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि पेन उघडलं. लिहिता लिहिता म्हणाला, "हे दिल्यावर तुम्हाला टायर विभागात ठेवता येणार नाही."

"ठेवू नका."

"काय लिहिलंत, वाचा," ताई म्हणाली.

त्याने वाचलं. आतल्या टायरच्या वॉल्व्हमधून तार फिरवली गेली नव्हती.

"त्यांनी विचारलं होतं, ते कुठे आहे?"

"बाई, त्याने निष्कर्षात फरक पडत नाही."

"मला पडतो. लिहा. त्यांनी विचारलं, आणि याने फिरवली म्हणून सांगितलं."

अधिकाऱ्याने मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने मान हलवली. ते वाक्य लिहिलं गेलं. त्याखाली सही करताना त्याला हात उचलेना. डाव्या हाताने उजव्याला आधार देऊन त्याने ती केली.

"बोर्ड उद्या काढायला सांगतो."

"उद्या कशाला? दोन खिळ्यांवर तर आहे."

शिपाई स्टूल घेऊन आला. टायर विभागातली माणसं काम थांबवून उभी राहिली. बोर्ड उतरत असताना ताईने त्यांच्याकडे एकेक करून पाहिलं.

"तुम्ही सगळे त्यांना भावोजी म्हणायचात ना?"

एकाने हातातला पाना उगाच पुसायला घेतला.

बाहेर पडल्यावर मेहुणा म्हणाला, "ताई, मी घरी सोडतो तुला."

"नको." ती चालता चालता बोलत होती, त्याच्याकडे न बघता. "खरं बोललास ते बरं केलंस. नसतं बोललास तर मला कधी कळलं नसतं, आणि मी तुला चहा देत राहिले असते. ते वाईट झालं असतं. पण आता येऊ नकोस."

"ताई..."

"मी तुझ्यावर रागावले नाही. रागावले असते तर कधीतरी राग गेला असता. तू दारात उभा राहिलास की मला 'फिरवली' ऐकू येणार. मला ते रोज ऐकायचं नाही. येऊ नकोस."

पुढे रस्ता होता, दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग लागलेली. ती त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. आई कामाला जायची, तेव्हा शाळेत जाताना त्याला रस्ता ओलांडून न्यायचं ते हिने. मागे न बघता हात मागे धरायचा आणि त्याने तो पकडायचा. पुढे दोघांचे केस पिकले तरी ती सवय गेली नव्हती. आताही समोर गाड्या बघून तिचा हात आपोआप मागे आला, बोटं उघडी. त्याचाही हात उठला, खांद्यातून कळ आली तरी उठला.

तिने हात परत घेतला. पर्स या हातातून त्या हातात केली आणि गाड्यांमधून एकटीच पलीकडे गेली.

तो कडेला उभा राहिला. पलीकडच्या थांब्यावर तिची बस लागली, ती चढली, खिडकीशी बसली, समोर बघत राहिली. बस सुटेपर्यंत तो तिथेच होता.

याला आता चार वर्षं झाली. मेहुणा वर्कशॉपच्या भांडारात असतो. खिडकीतून नट, पिना, ट्यूब मोजून देतो. खांद्याचा इलाज झाला. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर पंधरा दिवसांचं काम होतं. बायको अधूनमधून नणंदेकडे जाऊन येते. परत आली की तो काही विचारत नाही, पण जेवताना ती आपण होऊन सांगते: ताईंचा गुडघा धरलाय, ताईंनी मोतीबिंदू काढला. तो ऐकतो आणि ताटातलं संपवतो. ताई त्याच घरात राहते. त्याच्या घरापासून चालत वीस मिनिटं.